स्वतःच स्वतःला बंद करणारी पेटी: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

एक लाकडी पेटी, वर एक खटका. खटका चालू केला की अर्धं झाकण उचललं जातं, आतून एक हात बाहेर येतो, तोच खटका बंद करतो आणि परत आत जातो. झाकण मिटतं. या पेटीचं काम एवढंच. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मात्र ती किमान दहा वेळा चालू करून पाहतो.

कल्पना मार्विन मिन्स्की यांची. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात मोठं नाव झालेले मिन्स्की १९५२ च्या उन्हाळ्यात, विद्यार्थी असताना, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये होते. ही पेटी तिथे क्लॉड शॅनन यांनी बनवून घेऊन टेबलावर ठेवली. हे तेच शॅनन, ज्यांच्या १९४८ च्या शोधनिबंधावर आजचं सगळं माहितीशास्त्र उभं आहे. पुढे १७ मार्च १९६० ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत जाँ टिंग्वेली या शिल्पकाराने स्वतःचा नाश करणारं भलंमोठं यंत्र चालवलं, तेव्हा त्याच्या मदतीला बिली क्लूव्हर हा बेल लॅब्जमधलाच अभियंता होता. जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी अशा वस्तूंच्या एका प्रकाराला ‘चिंदोगू’ हे नाव दिलं आणि नियमही घालून दिले. त्यातले दोन नवशिक्याने लक्षात ठेवावेत: वस्तू खऱ्या उपयोगाची नसावी, आणि ती प्रत्यक्षात बनवलेली असावी. नुसतं चित्र काढून भागत नाही.

दुसरा नियम या पेटीला तंतोतंत लागू पडतो. हात अडखळला, झाकण तिरकं बसलं, खटका अर्ध्यावर अडकला, तर बघणाऱ्याला फक्त बिघडलेलं खेळणं दिसतं. हालचाल एका दमात झाली तर पेटीला स्वतःची मर्जी आहे असं वाटतं. पुढची सगळी मापं आणि सगळा खटाटोप त्या एका दमासाठी आहे.

मायक्रोकंट्रोलर नको

बाजारात सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी) आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम भरायचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरून केलेल्या पेट्याही मिळतात. पहिली पेटी तशी करू नका. मूळ रचनेत विजेच्या वस्तू चारच आहेत: सेल, मोटर, खटका आणि लिमिट स्विच, म्हणजे हात आत आला की दाबला जाणारा स्विच. ‘आता पुढे जा’, ‘आता मागे फिर’, ‘आता थांब’ हे तिन्ही निर्णय दोन स्विचच घेतात. शिवाय हात आत जाऊन थांबला की विद्युतमंडल पूर्ण तुटतं आणि सेलमधून काहीच प्रवाह वाहत नाही. पेटी महिनोन्महिने कपाटावर पडून राहिली तरी सेल संपत नाहीत. प्रोग्रॅमवाल्या पेटीला हे सहज जमत नाही.

काय काय आणायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, नाहीतर ऑनलाइन. दुकानात नाव नेमकं सांगा, कारण एका आकड्याच्या फरकाने चुकीचा स्विच हातात पडतो.

खटका: सहा पायांचा मिनी टॉगल स्विच, डीपीडीटी (एका दांडीने दोन वाटा एकदम पलटणारा), ऑन-ऑन. दुकानात ‘एमटीएस २०२’ म्हणतात. ‘२०३’ घेऊ नका. तो दिसतो अगदी तसाच, पण त्याला मधोमध बंद जागा असते आणि हात त्याला नेमका तिथेच नेऊन ठेवतो.

लिमिट स्विच: लांब पत्री असलेला तीन पायांचा मायक्रो स्विच. पायांजवळ कॉम, एनओ आणि एनसी असं कोरलेलं असतं. आपल्याला कॉम आणि एनसी लागतील: हे दोन पाय एरवी जोडलेले असतात, पत्री दाबली की सुटतात.

मोटर: ६ व्होल्टची एन-२० गियर मोटर, धातूच्या गियरची, ३० ते ६० आरपीएम (मिनिटाला फेरे). दांडा ३ मिलिमीटरचा, एका बाजूने सपाट. तिच्यासोबत मोटरचा ब्रॅकेट आणि ३ मिमी दांड्याला बसणारं चकती असलेलं पितळी कपलिंग (दांड्याला हात जोडणारा तुकडा) घ्या. कपलिंगला आडवा कसायचा बारीक स्क्रू असलाच पाहिजे.

वीज: चार एए सेलचा होल्डर. ९ व्होल्टचा चौकोनी सेल चालत नाही. व्होल्टेज जास्त असलं तरी तो पुरेसा प्रवाह देत नाही, आणि ऐन खटका ढकलायच्या क्षणी मोटर दम सोडते. लिथियमचे सेलही पहिल्या पेटीत नकोत. हात अडकून बसला तर ते बिनदिक्कत मोठा प्रवाह देत राहतात आणि मोटर व वायरी तापतात.

बाकी: ४ मिमी प्लायवुड, हातासाठी ६ मिमी प्लायवुडचा तुकडा, १० मिमी जाडीची लाकडी पट्टी, १२ मिमी जाडीचा गुटका, दोन लहान पितळी बिजागऱ्या किंवा पुस्तक बांधायची कापडी पट्टी, दीड मीटर बारीक तारांची लवचिक वायर (लाल, काळी, पिवळी), फेविकॉल, बारीक स्क्रू, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, रबरी पाय चार. हत्यारांत २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, फ्रेटसॉ, कानस, ड्रिल. शिवाय स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. तो गंमत म्हणून लिहिलेला नाही.

खटका किती जोर मागतो, ते मोजा

पहिल्या प्रयत्नात बहुतेक पेट्या एकाच कारणाने फसतात: हात खटक्यापर्यंत येतो, टेकतो आणि तिथेच थरथरत उभा राहतो. मोटरचा जोर कमी पडलेला असतो. हा हिशोब लाकूड कापायच्या आधी करायचा.

काटा चालू करून शून्यावर आणा. खटका हातात आडवा धरा, त्याच्या दांडीचं टोक कुशीवर काट्याच्या ताटलीला टेकवा आणि हळूहळू खाली दाबत जा. आकडा वाढत जाईल आणि एका क्षणी ‘टक’ होऊन दांडी पलटेल. पलटायच्या अगदी आधी दिसलेला आकडा लिहून ठेवा. पाच वेळा करा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. एकाच पुडक्यातले दोन खटकेसुद्धा वेगळा आकडा दाखवतात, म्हणून दोन-तीन आणून त्यातला हलका निवडणं शहाणपणाचं.

आता हाताची लांबी. पुढच्या मापांत दांड्यापासून बोटाच्या टोकापर्यंत ६.७ सेंटीमीटर येतात. समजा खटका २५० ग्रॅमला पलटला. ०.२५ किलो गुणिले ६.७ म्हणजे सुमारे १.७ किलो-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागला. मोटरच्या माहितीत दिलेला टॉर्क बऱ्याचदा ती पूर्ण अडून उभी राहतानाचा, म्हणजे जास्तीत जास्त असतो. त्या आकड्याचा निम्माच आपल्या कामाचा धरा. म्हणजे इथे ३.४ किलो-सेमी लिहिलेली मोटर हवी. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये दिला असेल तर १ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १०.२ किलो-सेमी. एकाच जातीच्या मोटरमध्ये आरपीएम कमी तसा टॉर्क जास्त.

निवडलेली मोटर तेवढ्या जोराची नसेल तर खटक्याची दांडी लांब करा. बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा किंवा जाड हीट-श्रिंक नळी दांडीवर घट्ट चढवायची. दांडी जिथे पलटते त्या बिंदूपासूनची तिची लांबी दीडपट झाली की लागणारा जोर दोन-तृतीयांशावर येतो. मात्र तितकंच बोटालाही वर उचलावं लागतं, म्हणून हे मापं काढायच्या आधी ठरवा. त्यानेही भागत नसेल तर रोबोटिक्सच्या दुकानांत मिळणारी ६ मिमी दांड्याची १२ व्होल्ट गियर मोटर वापरता येते. तेव्हा पेटी मोठी करावी लागेल आणि आठ सेल लागतील.

चार्जिंगचे सेल वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट: ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात. चार मिळून ४.८ व्होल्ट, आणि मोटरचा जोरही साधारण त्याच प्रमाणात उतरतो.

पुठ्ठ्याचा हात

हाताचा आकार डोळ्याने ठरवू नका. ग्राफ पेपरवर पेटीचं बाजूने दिसणारं चित्र खऱ्या मापात काढा.

कागदाच्या मधोमध एक टिंब द्या. हा मोटरचा दांडा. त्याच्या वर ५ सेमीवर आडवी रेघ मारा, ती झाकणाची वरची बाजू. टिंबाच्या मागे ८ सेमीवर मागची भिंत, पुढे ६ सेमीवर पुढची भिंत. टिंबाच्या पुढे ३ सेमीवर खटका. झाकण जिथे दुभागतं ती फट टिंबाच्या पुढे १.८ सेमीवर, म्हणजे खटक्याच्या १.२ सेमी मागे. फटीच्या पुढचा भाग पक्का, मागचा उघडणारा. खटक्याचं पोट झाकणाखाली सुमारे दीड सेमी लोंबतं, तेही चित्रात काढा. हे पोट विसरलं की हात त्यावर आपटतो.

आता हात. दांड्यापासून खटक्यापर्यंत सरळ पट्टी ठेवून पाहा: ती पक्क्या झाकणाच्या कडेला अडते. म्हणून हाताला कोपर लागतं. दंड दांड्यापासून जवळजवळ सरळ वर जातो, फटीच्या मागच्या मोकळ्या जागेतून झाकणाच्या वर निघतो, तिथे कोपरात वळतो आणि बोट पुढे खटक्याकडे येतं. दंडाची रुंदी १२ मिमी ठेवा. कोपराची बाहेरची कड दांड्यापासून ७.२ सेमीच्या आत राहू द्या. बोटाचं टोक खटक्याच्या दांडीला झाकणाच्या वर साधारण १ सेमीवर भेटलं पाहिजे आणि बोटाची खालची कड झाकणापासून किमान ५ मिमी वर राहिली पाहिजे, कारण ढकलताना बोट पुढे जातं तसं थोडं खालीही येतं.

हा आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि टिंबावर टाचणीने टोचा. हात मागे फिरवा. ९० अंश फिरवला की दंड आडवा होतो, बोट वर बघतं आणि सगळा हात झाकणाच्या खाली येतो. ही विश्रांतीची जागा. कोपर मागच्या भिंतीपासून ८ मिमी लांब राहतं. पुठ्ठा पुढे-मागे फिरवत कुठे घासतो ते पेन्सिलने खुणा करून पाहा आणि कात्रीने तेवढं कमी करा. तीन-चार पुठ्ठे वाया जातील, जाऊ द्या. इथली पंधरा मिनिटं पुढे एक अख्खा दिवस वाचवतात.

पुठ्ठा बिनतक्रार फिरला की तोच ६ मिमी प्लायवुडवर ठेवून आखा आणि फ्रेटसॉने कापा. सगळ्या कडा कानशीने गोल करा, विशेषतः बोटाचं टोक आणि कोपराचा वरचा भाग, कारण झाकण त्यांच्यावरूनच घसरत उघडतं.

पेटी

४ मिमी प्लायवुडसाठी मापं: लांब बाजू दोन, प्रत्येकी १४.८ × ९ सेमी. आखूड बाजू दोन, ८ × ९ सेमी, लांब बाजूंच्या मध्ये बसतात. तळ १४.८ × ८.८ सेमी. झाकणाचा पक्का भाग ४.६ × ८.८ सेमी आणि उघडणारा १०.१ × ८.८ सेमी, मध्ये एक मिलिमीटरची फट. प्लायवुडच्या जाडीत थोडा फरक असतोच, म्हणून झाकणाचे तुकडे भिंती चिकटवून झाल्यावर मोजून कापा.

चार भिंती फेविकॉलने जोडा, कोपऱ्यांत आतून १० मिमीच्या पट्ट्या द्या आणि रात्रभर दाबून ठेवा. मागच्या भिंतीच्या वरच्या कडेलाही आतून एक पट्टी चिकटवा, नाहीतर बिजागरीच्या स्क्रूला धरायला लाकूडच नसतं. पक्क्या भागात ६ मिमीचं भोक पाडा: पुढच्या कडेपासून ३.४ सेमीवर, रुंदीच्या मधोमध. भोक घट्ट वाटलं तर कानशीने किंचित वाढवा. खटक्यासोबत दातेरी वॉशर मिळतो, तो टाकू नका. तो नसला की आठवड्याभरात खटका भोकात फिरतो आणि वायरी पिळवटतात.

उघडणाऱ्या झाकणाची फटीकडची कड आतून ४५ अंशांत तिरपी घासा. एवढ्या एका घासण्याने झाकण अडकण्याची निम्मी शक्यता संपते. तळ चिकटवू नका, चार स्क्रूंनी बसवा. सेल तिथूनच बदलायचे आहेत.

मोटर एका बाजूच्या लांब भिंतीला लावलेल्या १२ मिमीच्या गुटक्यावर बसते. गुटका चिकटवून बाहेरून दोन स्क्रू मारा. नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नका, हात खटक्याला भिडतो तेव्हा सगळा उलटा जोर या गुटक्यावर येतो. दांडा भिंतीच्या वरच्या कडेपासून ४.६ सेमी खाली आणि मागच्या आतल्या भिंतीपासून ८ सेमीवर यावा. हात पेटीच्या रुंदीच्या मधोमध, खटक्याच्या नेमक्या रेषेत आला पाहिजे. कपलिंग दांड्यावर पुढे-मागे सरकवून ते जुळवता येतं.

वायरिंग

खटका असा धरा की पाय तुमच्याकडे, आणि दांडी वर-खाली हलेल. डाव्या रांगेतले पाय वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेतले ४, ५, ६ समजा. पारदर्शक टेपवर आकडे लिहून चिकटवा.

मोटरच्या दोन वायरी २ आणि ५ ला.
सेलची लाल वायर १ ला, काळी ४ ला.
४ पासून ३ पर्यंत एक तिरपी वायर.
१ पासून एक वायर लिमिट स्विचच्या कॉमला, आणि लिमिट स्विचच्या एनसीपासून एक वायर ६ ला.

हे असं का, ते समजून घेतलं तर पुढे काही बिघडलं तर स्वतःच शोधता येईल. खटका एका बाजूला असताना २ हा १ ला आणि ५ हा ४ ला जोडला जातो. मोटरला सरळ वीज मिळते, लिमिट स्विच या वाटेत येतच नाही. हात बाहेर येतो. हाताने खटका पलटला की २ जातो ३ ला आणि ५ जातो ६ ला. आता मोटरची दोन टोकं उलटी झाली, म्हणून ती मागे फिरते. मात्र ही परतीची वाट लिमिट स्विचमधून जाते. हात आत येऊन त्याची पत्री दाबतो, वाट तुटते, मोटर थांबते. पुढच्या वेळी तुम्ही खटका चालू करता तेव्हा पत्री दाबलेलीच असते, पण जाण्याची वाट वेगळी असल्यामुळे हात निघतो. लिमिट स्विच दोन्ही वाटांवर बसवला, उदाहरणार्थ थेट सेलच्या वायरीत, तर हात एकदा आत जाऊन कायमचा झोपतो. नवशिक्यांची ही सगळ्यांत नेहमीची चूक.

दुसरी चूक दांडीच्या दिशेची. टॉगल स्विचमध्ये दांडी ज्या बाजूला झुकते त्याच्या विरुद्ध बाजूचे पाय जोडले जातात. दांडी खाली, तर २ हा वरच्या १ ला जोडलेला. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बीप ऐकून खात्री करा. आपल्याला दांडी उघडणाऱ्या झाकणाकडे झुकलेली असताना हात निघायला हवा, म्हणून ३ आणि ६ हे पाय उघडणाऱ्या झाकणाच्या बाजूला, १ आणि ४ पुढच्या भिंतीकडे ठेवून खटका बसवा.

सोल्डरिंग खटका पेटीत बसवायच्या आधी टेबलावर करा. प्रत्येक पायावर आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आतलं प्लास्टिक मऊ पडून पाय तिरका होतो आणि मग खटका कधी जोडतो, कधी नाही. वायर पायाच्या भोकातून ओवून वळवा, मग सोल्डर द्या. खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

लाकडी हात मोटरला न जोडता, नुसते सेल घालून चाचणी घ्या. खटका एका बाजूला: मोटर फिरते, लिमिट स्विच बोटाने दाबला तरी फिरतच राहते. खटका दुसऱ्या बाजूला: मोटर उलटी फिरते, लिमिट स्विच दाबला की थांबते. दोन्हीकडे थांबत असेल किंवा कुठेच थांबत नसेल तर कॉम-एनसीच्या जोडण्या तपासा.

जोडणी

खटका, मोटर, मग हात. कपलिंगचा कसायचा स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच आला पाहिजे. गोल बाजूवर कसला तर दहाव्या-बाराव्या फेरीला दांडा फिरेल आणि हात जागेवर राहील. फेविक्विकने दांड्याला हात चिकटवण्याचा मोह आवरा. तो जोड धक्क्याने सुटतो.

लिमिट स्विच सगळ्यांत शेवटी, बाजूच्या भिंतीवर, आडव्या झालेल्या दंडाच्या खाली. आधी तो दुहेरी टेपने तात्पुरता लावा. हात आत येताना पत्री ‘टिक’ करते ती जागा पक्क्या अडथळ्याच्या, म्हणजे तळाच्या किंवा सेल होल्डरच्या, बऱ्याच आधी यावी. वीज तुटल्यावरही मोटर थोडी पुढे सरकते आणि तिला तेवढी मोकळीक लागते. ‘टिक’ नीट ऐकू येते, झाकण पूर्ण मिटतं आणि बोट झाकणाला आतून टेकत नाही, अशी जागा सापडली की स्क्रू मारा.

सेल होल्डर तळाला, दंडाच्या खाली. वजन खाली राहिल्यामुळे पेटी हलत नाही. रबरी पाय नसले तर खटका दाबताना ती टेबलावर घसरते आणि सगळा आब जातो.

कुठे बिघडतं

खटका चालू केला आणि काहीच झालं नाही, पण दुसरीकडे केला की हात बाहेर येतो: खटका उलटा बसलाय. नट सैल करून तो १८० अंश फिरवा. हात पुढे येण्याऐवजी मागे जाऊन तळावर आदळतो: मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. या दोन दुरुस्त्या वेगवेगळ्या आहेत आणि एकीने दुसरी बिघडत नाही.

हात खटक्याला भिडून थरथरतो: लगेच एक सेल काढा, मोटर तापू देऊ नका. मग नवे सेल घालून पाहा, नंतर बोट दांडीच्या टोकाजवळ लागतंय का ते पाहा. दांडीच्या बुडाशी लागलं तर दुप्पट जोर लागतो.

खटका अर्ध्यावर राहतो, ना इकडे ना तिकडे, आणि मोटर गप्प: बोट दांडीला चिकटून घासतंय आणि दांडीला झटक्याने पलटायला मोकळीक मिळत नाही. बोटाचं टोक आणखी गोल करा, २२० च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, वर मेणबत्तीचं मेण घासा. तरीही होत असेल तर थोडी वेगवान मोटर लागेल.

हात आत गेल्यावर ‘टिक-टिक-टिक’ असा आवाज चालूच राहतो: पत्री दाबली जाते, परतून ढकलते, पुन्हा दाबली जाते. कपलिंग किंवा हाताचे स्क्रू ढिले असतील तर हात दांड्यावर किंचित डुलतो. ते कसा. नाहीतर लिमिट स्विच एक-दोन मिलिमीटर वर घ्या, म्हणजे पत्री पुरती दबेल.

झाकण मिटताना बोट फटीत अडकतं: झाकणाची तिरपी कड पुरेशी घासलेली नाही, किंवा बिजागऱ्या एका रेषेत नाहीत. झाकण बोटाने उचलून सोडा. ते स्वतःच्या वजनाने आवाज करत पडलं पाहिजे. अडत पडत असेल तर बिजागरीचा एकेक स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा.

चेहरा, वेग, आवाज

पेटी चालायला लागल्यावर तिचा स्वभाव ठरवायचा. ३० आरपीएमचा हात बाहेर यायला अर्धा सेकंद आणि भार आल्यावर थोडं जास्त घेतो. तो वैतागलेल्या म्हाताऱ्यासारखा वाटतो. ६० चा हात ‘हात लावू नकोस’ म्हणून फटका मारतो. १५० च्या वर फक्त आदळआपट दिसते, बघणाऱ्याला हात कळतच नाही, आणि त्या वेगाच्या मोटरला जोरही नसतो.

बोटावर प्लास्टिकचा सांगाडा किंवा भुताचा पंजा चिकटवायची पद्धत आहे. आमचं मत: तो नकोच. साधं, पिवळसर लाकडी बोट जास्त बोलतं. हात रंगवायचाच असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूपेक्षा उठून दिसेल असा एकच रंग द्या, आणि आतली बाजू काळी ठेवा म्हणजे फटीतून मोटर-वायरी दिसणार नाहीत. रंगाचा थरही मापात धरा. दोन हात ऑइलपेंट दिला की एक मिलिमीटरची फट आणखी अरुंद होते.

झाकण मिटतानाच्या आवाजाकडे लक्ष द्या. लाकडावर लाकूड पडल्याचा कोरडा ‘ठप्प’ छान लागतो, त्याने हालचालीला शेवट मिळतो. तो फार मोठा असेल तर भिंतीच्या कडेवर मखमलीचा नखाएवढा तुकडा चिकटवा, संपूर्ण कडेला नको.

सगळं जुळलं की तळ लावायच्या आधी खटका सलग पन्नास वेळा दाबा. साधारण विसाव्या वेळेपासून कुठला स्क्रू सुटतोय ते ऐकू येऊ लागतं. कपलिंगचा स्क्रू, गुटक्याचे स्क्रू आणि खटक्याचा नट पुन्हा एकदा कसा, कपलिंगच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा, तो वाळला की तळाचे चार स्क्रू बसवा.